बाविसावा नमुना

१

महाराष्ट्रातील ३५८ तालुक्यांपैकी कोणत्याही तालुक्याच्या तहसील कचेरीत जावे, आणि जमिनीच्या, पुरवठ्याच्या, फौजदारी कामाच्या व निवडणुकीच्या दालनांवरून पुढे चालत राहावे, म्हणजे एके ठिकाणी ‘संगांयो’ ही तीन अक्षरे मिरविणारी शाखा दृष्टीस पडते. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे हे कचेरीतील रूढ नाव. परंतु त्या एका नावाखाली श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना, केंद्र सरकारची वृद्ध, विधवा आणि दिव्यांग यांच्यासाठी असलेली निवृत्तिवेतने, आणि कमावती व्यक्ती अकाली वारली असता दारिद्र्यरेषेखालील कुटुंबास एकदाच मिळणारे २०,००० रुपयांचे राष्ट्रीय कुटुंब लाभ साहाय्य, असा तालुक्यातील निराधारांचा सारा संसार सामावलेला असतो. एक नायब तहसीलदार, एक अव्वल कारकून आणि हाताखाली मोजके कारकून, एवढ्या मनुष्यबळावर बहुतेक ठिकाणी हजारो माणसांच्या दरमहाच्या चुलीचा हिशेब चाललेला असतो.

या शाखेत गर्दी होते ती बहुधा आठवडी बाजाराच्या दिवशी. कारण त्या दिवशी गावाहून तालुक्यास येणाऱ्या वाहनात जागा मिळते आणि एका भाड्यात दोन कामे होतात. हातातील पिशवीत, पावसाने भिजू नयेत म्हणून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले कागद असतात. शिधापत्रिका, आधारपत्र, बँकेचे पुस्तक, कोणाचा मृत्यूचा दाखला, कोणाचे जिल्हा शल्यचिकित्सकांनी दिलेले अपंगत्वाचे प्रमाणपत्र. गावच्या बोलीत या अनुदानाला ‘पगार’ म्हणतात, आणि ‘पगार कधी पडणार’ हा प्रश्न दिवसभरात त्या टेबलापुढे कितीदा विचारला जातो याची गणती होत नाही.

कचेरीतील इतर दालनांत येणारा मनुष्य आपल्याजवळ काय आहे ते सिद्ध करण्यास येतो. शेत माझे आहे, वारसा माझा आहे, वहिवाट माझी आहे, असे त्याचे म्हणणे असते आणि त्यास आधार म्हणून सातबारा, फेरफार, खरेदीखत असे कागद तो पुढे करतो. या शाखेत येणाऱ्यास मात्र आपल्याजवळ काय नाही ते सिद्ध करावे लागते: नवरा नाही, जमीन नाही, पोसणारा मुलगा नाही, हातापायांत बळ उरले नाही. असलेल्या वस्तूचा कागद सरकारदरबारी निघतो. नसलेल्या वस्तूचा कागद कोणी आणि कोठून काढावा? या एका प्रश्नापाशी सार्वजनिक साहाय्याचा सारा कारभार येऊन थबकतो. तो थबकलेला कारभार पुढे नेण्याचे दायित्व ज्याच्या शिरावर आहे, त्या अधिकाऱ्याने ते कसे पार पाडावे, याचा विचार करणे हे या लेखाचे प्रयोजन आहे.

२

योजनेचे स्वरूप प्रथम नीट ध्यानात घेतले पाहिजे. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० मध्ये, बॅरिस्टर अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना सुरू झाली. तिच्या कक्षेत १८ ते ६५ वर्षे वयाचे निराधार स्त्रीपुरुष, अंध व अपंग, क्षय, कर्करोग, कुष्ठरोग, पक्षाघात यांसारख्या दुर्धर व्याधींनी जर्जर झालेले रुग्ण, विधवा, परित्यक्ता, अनाथ मुले, देवदासी, तृतीयपंथी, तुरुंगात शिक्षा भोगणाऱ्या कैद्याची पत्नी, आणि पस्तिशी ओलांडलेली अविवाहित स्त्री, इतक्या नाना प्रकारच्या दुर्दैवांचा समावेश आहे. ही यादी सावकाश वाचली असता, ती रचणाऱ्यांनी मराठी समाजातील एकाकीपणाची किती बारकाईने मोजदाद केली होती हे कळते आणि त्यांच्याविषयी आदर वाटतो. पासष्ट वर्षांवरील वृद्धांसाठी २००४ पासून श्रावणबाळ योजना आहे. दोहोंचे मासिक अनुदान २०१९ मध्ये ६०० रुपयांवरून १,००० रुपये आणि २०२३ मध्ये १,५०० रुपये झाले. दिव्यांगांसाठी ते २०२५ मध्ये २,५०० रुपये करण्याचा निर्णय झाला.

आता एखाद्या वाडीवरील तरुण विधवेचा अर्ज कोणकोणत्या वाटांनी जातो ते पाहू. पतीच्या मृत्यूचा दाखला तिने ग्रामपंचायतीतून आणावयाचा. महाराष्ट्रातील किमान १५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा आणि वयाचा पुरावा द्यावयाचा. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचा दाखला आणावयाचा. तो तलाठ्याच्या अहवालावरून तहसीलदार देतात. शिधापत्रिका हवी, ती तहसील कचेरीच्याच पुरवठा शाखेकडून मिळालेली असते. म्हणजे जे कागद ती बाई गोळा करून या शाखेपुढे ठेवते, त्यांतील निम्मेअधिक कागद याच इमारतीतून, काही तर शेजारच्याच दालनातून निघालेले असतात, आणि जो मृत्यूचा दाखला तिच्याकडून मागितला जातो त्याची नोंद १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमान्वये शासनाच्याच नोंदवहीत ग्रामसेवकाच्या हस्ते झालेली असते. शासनास जे ठाऊक आहे तेच शासनास पुन्हा कळविण्यासाठी, मजुरी बुडवून आणि भाडे मोडून, ती वाडी ते तालुका अशा खेपा घालीत असते.

वयाचेही असेच आहे. जिने शाळेचे तोंड पाहिले नाही, जिच्या जन्माची नोंद पाटलाच्या दफ्तरात झाली नाही, तिच्या आधारपत्रावर बहुधा कोणीतरी अंदाजाने घातलेले वर्ष आणि १ जानेवारी ही तारीख असते. पण तिला विचारले तर ती सांगते की, बहात्तरच्या दुष्काळात मी खडी फोडायला होते, तेव्हा माझे लग्न झाले होते. त्या वेळी ती चौदा वर्षांची असती तरी २०२५ मध्ये तिने सदुसष्टावे वर्ष गाठलेले आहे. ज्या अधिकाऱ्याला आपल्या मुलखाचा इतिहास ठाऊक आहे, तो अशा जबाबाची गावातील समवयस्कांकडून खातरजमा करून घेईल आणि वैद्यकीय अधिकाऱ्याच्या तपासणीसाठी तिची रवानगी करील. ज्याला तो ठाऊक नाही, तो आधारपत्रावरील वर्षाकडे बोट दाखवून तिला आणखी तीन वर्षांनी येण्यास सांगेल. नियम दोघांचाही एकच आहे. त्याचे फळ मात्र त्या वृद्धेच्या पदरी सर्वस्वी निराळे पडते.

३

निराधारांचे पोषण हे राजसत्तेचे कर्तव्य आहे, ही कल्पना आपल्या भूमीला परकी नाही. बालक, वृद्ध, व्याधिग्रस्त, आपद्ग्रस्त आणि अनाथ यांच्या भरणपोषणाचा भार राजाने वाहावा, असे कौटिल्याने अर्थशास्त्रात स्पष्ट सांगितले आहे. मराठेशाहीत स्वामिकार्यावर पडलेल्या शिपायाच्या मुलाबाळांना निर्वाहासाठी बालपरवेशी लावून देण्याची वहिवाट होती. परंतु या दोन्ही गोष्टी राजाच्या औदार्याच्या आणि सेवकाच्या निष्ठेच्या कक्षेत राहिल्या. ज्याने राजाची कोणतीही चाकरी केली नाही, जो केवळ उपाशी आहे, त्याच्यासाठी पद्धतशीर कारभार उभा राहिला तो दुष्काळांच्या निमित्ताने.

१८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने दख्खनचे पठार होरपळून काढले. त्या वेळी व्हाइसरॉयच्या वतीने पाहणीस आलेले सर रिचर्ड टेंपल यांनी सरकारी खर्चास कात्री लावण्याच्या हेतूने मजुरी दिवसाला एक रत्तल धान्य आणि किरकोळ पैसे इतकी खाली आणली, आणि दुष्काळी कामे गावांपासून दूर ठेवावीत म्हणजे खरोखरच गरजू असेल तोच तेथवर चालत येईल, अशी अंतराची कसोटी लावली. मुंबई इलाख्यातील भुकेल्या मजुरांनी १८७७ च्या आरंभी या कामांवर बहिष्कार टाकला, आणि गणेश वासुदेव जोशी यांच्या पुढाकाराने पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची कैफियत सरकारपुढे मांडली. त्याच वर्षी महात्मा फुले आणि सत्यशोधक समाजातील त्यांचे सहकारी पुण्याजवळ धनकवडी येथे दुष्काळग्रस्तांच्या मुलांच्या अन्नाची तजवीज करीत होते.

त्या दुष्काळाच्या अनुभवातून १८८० चा दुष्काळ आयोग आणि त्यामागोमाग निरनिराळ्या प्रांतांच्या दुष्काळ संहिता आल्या. त्या संहितांत मजुरीविषयी जी कृपणता आहे तिचे समर्थन करण्याचे कारण नाही. तथापि, त्यांतील एक तरतूद आजच्या कारभाऱ्याने पुनःपुन्हा मनन करण्यासारखी आहे. जे काम करू शकत नाहीत, अशा वृद्ध, अंध, पंगू आणि अनाथ यांच्या याद्या गावच्या पाटील-कुलकर्ण्यांच्या साहाय्याने तयार कराव्यात, मंडळाच्या अंमलदाराने गावोगाव फिरून त्या समक्ष पडताळाव्यात, आणि त्यांस त्यांच्या गावीच मदत पोहोचवावी, असा त्या संहितांचा दंडक होता. जे सरकार परके होते, ज्याच्या हेतूंविषयी आपले पूर्वज साशंक होते आणि ज्याने धडधाकट माणसाला अंतराची कसोटी लावली, त्या सरकारनेही दुर्बलाला ती लावली नाही; त्याच्या दारी अंमलदाराने जावे असाच नियम केला. स्वराज्यात अंतर चालण्याचे काम त्या दुर्बलाकडे आले. बसच्या भाड्यात, बुडालेल्या मजुरीत आणि ‘पुढच्या सोमवारी या’ या वाक्यात टेंपल साहेबांची कसोटी आजही जिवंत आहे, हे कोणत्याही बाजाराच्या दिवशी कचेरीच्या ओट्यावर तासभर बसले असता प्रत्ययास येते.

भारतीय संविधानाच्या ४१ व्या अनुच्छेदाने बेकारी, वार्धक्य, आजार आणि विकलांगता यांच्या प्रसंगी सार्वजनिक साहाय्य मिळण्याच्या हक्काची तजवीज राज्याने आपल्या आर्थिक सामर्थ्याच्या मर्यादेत करावी, असे सांगितले. ते मार्गदर्शक तत्त्व आहे. न्यायालयात त्याची अंमलबजावणी मागता येत नाही. पण ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या तत्त्वांचे स्थान स्पष्ट केले होते: त्यांच्या उल्लंघनाचा जबाब सत्ताधाऱ्यांना न्यायालयात द्यावा लागला नाही, तरी निवडणुकीच्या वेळी तो मतदारांपुढे द्यावाच लागेल. केंद्राचा राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाला, तो या अनुच्छेदाच्या अनुषंगाने. त्यातील साठ ते एकोणऐंशी वर्षांच्या वृद्धासाठी केंद्राचा वाटा दरमहा २०० रुपयांचा आहे, आणि तो २००७ पासून वाढलेला नाही. राज्य आपल्या पदरची भर घालून ही रक्कम १,५०० रुपयांपर्यंत नेते, म्हणून महाराष्ट्रातील वृद्धाला त्याची झळ थेट जाणवत नाही. पण सार्वजनिक साहाय्याचे स्थान राष्ट्राच्या अग्रक्रमात कोठे आहे, हे त्या गोठलेल्या २०० रुपयांवरून उघड होते.

४

या सर्व कारभारातील सर्वांत दुःखद आकडा अनुदानाचा नसून उत्पन्नमर्यादेचा आहे. वर्षाला २१,००० रुपये म्हणजे महिन्यास १,७५० रुपये, आणि दिवसास ५७ रुपये ५३ पैसे; तेही एका व्यक्तीचे नव्हे, संपूर्ण कुटुंबाचे. रोजगार हमीच्या कामावर महाराष्ट्रात २०२४-२५ या वर्षी दिवसाला २९७ रुपये मजुरी होती. त्या दराने कुटुंबातील एका माणसाने वर्षातून ७१ दिवस काम केले की कुटुंबाचे उत्पन्न २१,०८७ रुपये होते आणि ते कुटुंब मर्यादेबाहेर जाते. कायद्याने वर्षाला ठराविक दिवसांच्या कामाची हमी द्यावयाची, आणि ती हमी ज्या घराने पुरती वापरली त्या घरातील वृद्ध निराधार नाही असे ठरवावयाचे, ही दोन वचने एकाच शासनाने एकाच नागरिकाला दिलेली आहेत.

याचा परिणाम काय होतो तो खेड्यातील प्रत्येकाला ठाऊक आहे. तलाठी उत्पन्न मर्यादेच्या आत बसवून अहवाल देतो, तहसीलदार त्यावर सही करतात, अर्जदार ते प्रतिज्ञेवर सांगतो, आणि तिघांनाही ठाऊक असते की, इतक्या पैशांत कोणतेही घर चालत नाही. सहृदय माणसाने दयेपोटी केलेले हे कृत्य असते, हे मान्य. परंतु ज्या हक्काचा पाया असत्य लेखावर रचावा लागतो तो हक्क कायमचा परावलंबी होतो. कारण तो लेख कोणी, केव्हा आणि कोणत्या हेतूने तपासावयास घेईल याचा भरवसा नसतो. मर्जी राखणाऱ्याचा दाखला निघतो, भांडणाऱ्याचा अडतो. प्रामाणिकपणे आपली वर्षभराची मजुरी सांगणारी बाई अपात्र ठरते. गरिबाला खोटे बोलण्यास भाग पाडणारा नियम, तो कितीही जुना असला तरी, बदलणे हे नीतीचे पहिले काम आहे.

या मर्यादेचे वैषम्य २०२४ च्या जुलैपासून आणखी ठळक झाले. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत २१ ते ६५ वर्षांच्या स्त्रियांना दरमहा १,५०० रुपये मिळू लागले आणि कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा ठेवण्यात आली अडीच लाखांची. श्रमजीवी घरातील स्त्रियांच्या हाती स्वतःचा पैसा आला, ही गोष्ट स्वागतार्हच आहे. परंतु दोन योजना शेजारीशेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे असे दिसते की, ज्या स्त्रीच्या घरचे उत्पन्न लाख रुपये आहे तिला पासष्टाव्या वर्षापर्यंत हे साहाय्य मिळत राहील. आणि पासष्टी उलटताच, म्हणजे हातपाय थकण्याच्या वयात, ती श्रावणबाळ योजनेच्या दारात उभी राहील तेव्हा तिला २१,००० ची मर्यादा लागू होईल. अनुदान तेवढेच, पण मर्यादा जवळजवळ बारापटीने खाली. वय जसे वाढावे तसे अधिकाधिक दरिद्री असल्याचे सिद्ध करावे लागावे, असा कोणाचाच हेतू नसणार. पण दोन योजना दोन विभागांत, दोन निरनिराळ्या काळी आखल्या गेल्या, आणि त्या दोहोंमधून चालत जाणारी स्त्री एकच आहे याचा विचार झाला नाही.

५

मर्यादा ठरविणे हे मंत्रालयाचे काम. नायब तहसीलदाराच्या हाती ते नाही. मग त्याच्या हाती काय आहे? माझ्या मते पुष्कळ आहे, आणि या शाखेचे नेतृत्व ज्याला करावयाचे आहे त्याने ते नीट ओळखले पाहिजे. कारण धोरणाचे गुणदोष विधिमंडळात चर्चिले जातात, पण साहाय्य मिळाले की नाही हे या टेबलावर ठरते.

त्याच्या हाती पहिली गोष्ट आहे ती शेऱ्याची. अर्ज अपुरा असला की त्यावर ‘त्रुटी’ असा शेरा मारून तो बाजूला ठेवण्याची सवय कचेऱ्यांना फार जुनी आहे. एक कागद आणला की दुसऱ्याची आठवण होते, दुसरा आणला की तिसऱ्याची. चांगला अधिकारी आपल्या कारकुनांना पहिला दंडक घालून देतो तो हा की, अर्जात जे जे उणे असेल ते ते एकाच वेळी, अर्जदाराला समजेल अशा मराठीत, लेखी सांगावयाचे. आणि जो कागद आपल्याच इमारतीत उपलब्ध आहे तो अर्जदाराकडून मागावयाचा नाही, कारकुनाने स्वतः उठून आणावयाचा. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने उत्पन्नाच्या दाखल्यासारख्या सेवांना मुदत घालून दिली आहे. त्या मुदतीचा आधार घेऊन आपल्याच कचेरीच्या दुसऱ्या शाखेस तगादा लावण्याचे काम निरक्षर वृद्धेवर न सोपविता अधिकाऱ्याने आपल्याकडे घ्यावे, यात त्याच्या पदाची शोभा आहे.

दुसरी गोष्ट समितीची. अर्ज मंजूर करणाऱ्या तालुक्याच्या समितीचे अध्यक्ष अशासकीय असतात आणि तहसीलदार सचिव असतात. बैठक लांबली की मंजुऱ्या लांबतात, आणि अर्ज मंजूर होईपर्यंत मिळणारा पैसा शून्य असतो. बैठकीची तारीख आधीपासून ठरलेली असावी, अर्जांची यादी गावनिहाय तयार असावी, नामंजुरीचे कारण इतिवृत्तात स्पष्ट लिहावे आणि ते अर्जदारास पोहोचवावे, या साध्या शिस्तीने शिफारशीचे महत्त्व आपोआप कमी होते. ज्या शाखेत अर्जाचा प्रवास कोणालाही पाहता येतो, तेथे मध्यस्थाला विकण्यासारखे काही उरत नाही. मध्यस्थाचा व्यापार चालतो तो अर्ज कोठे आहे हे अर्जदाराला न कळण्याच्या भांडवलावर.

तिसरी गोष्ट हयातीची. लाभार्थी जिवंत आहे याची दरवर्षी खात्री करून घ्यावी लागते, आणि सार्वजनिक पैशाच्या दृष्टीने ते योग्यच आहे. परंतु अंथरुणाला खिळलेल्या माणसाने आपण हयात असल्याचे दाखविण्यासाठी गाडी करून तालुक्यास यावे, किंवा आयुष्यभर खुरपे आणि विळा धरून ज्याच्या बोटांवरील रेषा पुसल्या गेल्या आहेत त्याचा ठसा यंत्राने ओळखला नाही म्हणून त्याचे अनुदान थांबावे, हे योग्य नाही. अनुदान आता आधारशी जोडलेल्या बँक खात्यात थेट जमा होते. त्यामुळे मधली गळती थांबली हा मोठाच लाभ झाला. पण खाते आधारशी जोडले न गेल्यामुळे किंवा नावातील एका वेलांटीच्या फरकामुळे ज्यांचा पैसा अडतो, त्यांची यादी दर महिन्यास काढून त्या गावी माणूस पाठविणे, हेही त्या नव्या पद्धतीचेच अविभाज्य अंग मानले पाहिजे. यंत्राने नाकारलेल्या नावांची यादी हीच शाखाप्रमुखाची त्या महिन्याची खरी कार्यसूची होय.

चौथी गोष्ट सर्वांत अवघड आहे, ती विवेकाची. परित्यक्तेजवळ न्यायालयाचा कागद नसतो. नवरा एके दिवशी निघून गेला, एवढेच तिला सांगता येते. पुण्या-मुंबईस गेलेल्या मुलाचे नाव शिधापत्रिकेवर तसेच असते आणि तो आईला पोसत आहे असे कागद म्हणतो, मुलगा मात्र वर्षानुवर्षे गावाकडे फिरकलेला नसतो. अशा वेळी पोलीस पाटील, तलाठी आणि शेजारपाजारची चार माणसे यांचे जबाब घेऊन, पंचनामा करून, जबाबदारीने निर्णय देणारा अधिकारी हवा. चुकीच्या माणसाला अनुदान दिल्यास लेखापरीक्षणात आक्षेप येतो. योग्य माणसाला ते नाकारल्यास कोठेच आक्षेप येत नाही. हे असमान वजन ओळखून, आपल्या कारकुनाने सद्हेतूने आणि चौकशीअंती दिलेल्या निर्णयाच्या पाठीशी उभे राहणे, हे या शाखेतील नेतृत्वाचे मर्म आहे. वरिष्ठ पाठीशी आहे अशी खात्री असलेला कारकूनच नियमाचा अर्थ माणसाच्या बाजूने लावण्याचे धैर्य करतो.

६

महाराष्ट्राने या बाबतीत जगाला दाखविण्याजोगे एक कार्य केलेले आहे. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात विसापूर येथे ज्याचा प्रयोग केला, त्या रोजगार हमीच्या कल्पनेला १९७२ च्या दुष्काळाने तातडी आणली; मे १९७३ मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. १९७५ मध्ये तिच्या खर्चासाठी व्यवसाय कर बसविण्यात आला, शहरातील नोकरदाराने खेड्यातील मजुराच्या हमीसाठी दिलेला. १९७७ मध्ये विधिमंडळाने अधिनियम केला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत ते मिळाले नाही तर बेकारी भत्ता, असे बंधन शासनाने आपणहून स्वतःवर घालून घेतले. त्यामुळे मजूर कचेरीत आला तो याचक म्हणून नव्हे, धनको म्हणून.

जो काम करू शकतो त्याला आपण कायदा दिला; जो काम करू शकत नाही त्याला मात्र योजना दिली. योजना शासननिर्णयाने जन्मते आणि शासननिर्णयाने बदलते. तिच्यातील विलंबाला भत्ता नाही, नाकारण्याला मुदतबंद अपील नाही, तरतूद संपली की देयके थांबतात. खडी फोडणाऱ्या तरुणीला १९७९ मध्ये जो मान आपण दिला, तो तीच तरुणी आज वृद्ध झाल्यावर तिच्याकडून काढून घेतला गेला आहे. निराधारांच्या साहाय्याचाही अधिनियम झाला पाहिजे. उत्पन्नमर्यादा किमान मजुरीशी बांधली गेली पाहिजे. अनुदान महागाईबरोबर आपोआप वाढले पाहिजे. आणि अर्जावर ठराविक दिवसांत निर्णय न झाल्यास विलंबाचा पैसा अर्जदाराला मिळाला पाहिजे. ज्या राज्याने हे एकदा करून दाखविले आहे त्याला ते दुसऱ्यांदा अशक्य नाही.

परंतु अधिनियम होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. आपल्या महसुली व्यवस्थेत गावच्या दफ्तराचे एकवीस नमुने आहेत. जमिनीचे हक्क, फेरफार, पिके, आकारणी यांना नमुने आहेत. तेराव्या नमुन्यात गावची लोकसंख्या आणि जनावरे आहेत. पोस्टाच्या तिकिटांचा हिशेब ठेवण्यासाठी विसावा नमुना आहे. गावात निराधार कोण आहे हे सांगणारा नमुना मात्र नाही. शेतसाऱ्याचा रुपयान् रुपया जुळावा म्हणून जी यंत्रणा दरवर्षी जमाबंदी करते, तिने गावातील एकाकी माणसांचीही जमाबंदी करावी, आणि त्यासाठी बाविसावा नमुना उघडावा, ही या लेखाची सूचना आहे.

त्या नमुन्यात फार रकाने नकोत. नाव, निराधारपणाचे कारण, कोणत्या योजनेस पात्र, अर्ज कोणी व केव्हा भरून घेतला, मंजुरीची तारीख, पैसा शेवटी केव्हा पोहोचला, आणि पोहोचला नसल्यास का. तो भरण्यास लागणारी माहिती गावातच आहे. ग्रामसेवकाच्या मृत्यूच्या नोंदवहीतून दर महिन्यास नवी विधवा कोण झाली हे कळते. आज त्या नोंदवहीचा उपयोग मयत लाभार्थ्याचे नाव कमी करण्यासाठी होतो, तो त्याच्या मागे राहिलेल्या स्त्रीचे नाव दाखल करण्यासाठीही व्हावा. अंगणवाडी सेविकेला आणि आशा कार्यकर्तीला घराघरांतील दुखणेकरी ठाऊक असतात. शिधावाटप दुकानदाराला एकट्या नावाची शिधापत्रिका कोणाची ते ठाऊक असते. हे सारे एकत्र बसवून, ग्रामसभेत मोठ्याने वाचून, मंडळ अधिकाऱ्याने फिरतीवर समक्ष पडताळून पाहिले, म्हणजे दुष्काळ संहितेने ज्याची सक्ती केली होती तेच काम, भिन्न आणि अधिक उदात्त हेतूने, पुन्हा सुरू होईल. महसूल खाते महाराजस्व अभियानाची शिबिरे गावोगाव घेतेच. त्याच शिबिरांत हा नमुना भरता येईल.

असे झाले म्हणजे पुराव्याचा भार जेथे असावा तेथे येईल. आज दुर्बल मनुष्य दफ्तराला विचारतो की मी पात्र आहे का, आणि दफ्तर त्याच्याकडे कागद मागते. उद्या दफ्तराला सांगावे लागेल की, आमच्या गावात इतकी माणसे निराधार आहेत, त्यांतील इतक्यांपर्यंत आम्ही पोहोचलो आणि इतक्यांपर्यंत पोहोचलो नाही. साहाय्य हा नागरिकाचा हक्क आहे या वचनाचा व्यवहारातील अर्थ इतकाच आहे की, ते न पोहोचल्याचा जबाब शासनाने द्यावा. कायदा व्हावयास वर्षे लागतील, उत्पन्नमर्यादा बदलण्यास मंत्रिमंडळाची मंजुरी लागेल. पण आपल्या तालुक्यापुरता बाविसावा नमुना उघडण्यास कोणाच्याही मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. तहसीलदाराच्या सहीचे एक परिपत्रक त्यास पुरेसे आहे.